‘सराफ’ शब्दाची कुळकथा

आपल्या ज्ञातीत सराफ व पोतदार ही आडनावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. सराफ म्हणजे सोन्याचांदीचा व्यापारी, असा आज सर्वसाधारण समज आहे. परंतु मूळ पाहू गेल्यास निराळाच अर्थ हाती लागतो.

मूळ शब्द अरबी ‘सर्राफ’ असा असून तो फारसीच्या द्वारे मराठीत आला. ‘सर्फ’ म्हणजे पालटणे. शब्दांची रूपे कशी पालटतात हे सांगणाऱ्या अरबी व्याकरणाच्या शाखेलाही ‘सर्फ’च म्हणतात. तद्वत् नाणी पालटून देणारा तो सर्राफ. इंग्रजांनी याचेच ‘श्रॉफ’ केले. हाँगकाँगमध्ये मोटारतळावर पैसे घेणाऱ्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी दिसते! पोतदार हा खजिन्यात भरणा होणारी नाणी पारखणारा. गावगाड्यात हे काम बहुधा सोनाराकडे असे.

पेशवाईत एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना टांकसाळींचे रुपये बाजारात चालत. प्रत्येकाचे वजन व कस वेगळा. सराफ नाणे वाजवून, तोलून, कसास लावून त्याचे मोल ठरवी आणि हलक्या नाण्यावर बट्टा कापी. नावाला बट्टा लागणे, माणूस खणखणीत नाणे असणे, हे वाक्प्रचार त्याच पेढीवरचे. निरक्षर कुणब्याला तो बट्टा पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. त्याची सारी भिस्त सराफाच्या सचोटीवर असे.

1835 साली कंपनी सरकारने 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा, एकसारखा रुपया सुरू केला. जुनी नाणी हळूहळू मागे पडली. निजामी राज्यातील मराठवाड्यात मात्र हाली व कलदार यांचा पालट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. अन्यत्र सराफाकडे हुंडी, सावकारी व सोनेचांदी एवढेच उरले. कसोटीचा दगड तोच राहिला. त्यावर नाण्याऐवजी दागिना घासला जाऊ लागला, आणि शब्दाचा अर्थही पालटला.

हे आडनाव इतर ज्ञातींत, पारशी व गुजराती समाजांतही आहे. अर्थात ते जातीचे नसून धंद्याचे नाव होय, हे ध्यानी घ्यावे.

शेवटी ज्ञातिबांधवांस एक विनंती. कोणाच्या माळ्यावर मोडी लिपीतील जुन्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत. त्यांत कोणत्या रुपयावर किती बट्टा, याचे आकडे असण्याचा संभव आहे. मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. ते आहेत तोवर या वह्या वाचून घ्याव्यात. आपल्या पूर्वजांच्या सचोटीचा हिशेब त्यांच्याच अक्षरात मिळेल.