आधी आकडे, मग क्रिया: 'बरोबर'ची कळ नसलेला कॅल्क्युलेटर

तुमच्यापैकी बरेच जण बारावीपर्यंत लॉग टेबलवर वाढलेत. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवरच लिहिलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर नाही. पुढे पदवीला हातात कॅसिओ येतो, आणि गेटला बसलात तर पडद्यावरचा कॅल्क्युलेटर. तिथं पद्धत साधारण एकच: बहुतेक वेळा वहीत जसं लिहितो तसं दाबत जायचं आणि शेवटी 'बरोबर'. त्यामुळे कुणी जुना एचपीचा कॅल्क्युलेटर हातात दिला की पहिला प्रश्न पडतो, 'बरोबर'ची कळ कुठंय? ती नसतेच. तिच्याऐवजी 'एंटर' नावाची मोठी कळ असते. (म्हणूनच असा कॅल्क्युलेटर कुणी उसना नेत नाही, आणि नेला तरी पाच मिनिटांत परत आणून देतो.)

या कॅल्क्युलेटरवर जीव टाकणारे इंजिनिअर जगभर आहेत. एचपी-१५सी १९८२ साली आला, १९८९ मध्ये बंद झाला, आणि मागणी काही संपेना म्हणून २०११ आणि २०२३ मध्ये पुन्हा काढला गेला. बँक-वित्तवाल्यांचा १२सी तर १९८१ पासून विकला जातोय. स्वित्झर्लंडची स्विसमायक्रोज ही कंपनी त्याच धर्तीची नवी यंत्रं बनवते. आता प्रश्न असा की हा नुसता जुन्याचा मोह आहे, की त्यात आणखी काही आहे? पेटची किंवा नेटची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न मुद्दाम घेतलाय, कारण त्याला एक आळशी उत्तर आहे आणि एक मोहक उत्तर आहे. दोन्ही तपासायला हवीत.

आधी यंत्र समजून घेऊ. (३ + ४) × (५ + ६) काढायचंय. कॅसिओवर कंस धरून १२ कळा दाबाव्या लागतात. एचपीवर असं: ३, एंटर, ४, अधिक. पडद्यावर ७ दिसतात. मग ५, एंटर, ६, अधिक. ११ दिसतात. मग गुणाकाराची कळ, ७७. एकूण ९ कळा, आणि कंस एकही नाही. मधले ७ कुठं राहिले? भाकरीची चवड डोळ्यांपुढे आणा. नवी भाकरी वर ठेवायची, काढताना वरचीच आधी काढायची. आकडे असेच एकावर एक रचले जातात आणि क्रियेची कळ दाबली की वरचे दोन उचलून त्यांच्या जागी उत्तर ठेवलं जातं. एचपीच्या खिशातल्या यंत्रांत ही चवड चारच आकड्यांची होती: एक्स, वाय, झेड आणि टी. चार म्हणजे फारच कमी वाटतं, पण आतल्या कंसापासून बाहेर येत गेलं की रोजची बहुतेक गणितं त्यात बसतात.

ही पद्धत आली तर्कशास्त्रातून. यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाला १९२४ च्या सुमारास सुचलं की क्रियेचं चिन्ह आकड्यांच्या आधी लिहिलं तर कंसांची गरजच उरत नाही. ती पोलिश पद्धत. तिची उलटी बाजू, म्हणजे चिन्ह शेवटी, संगणकवाल्यांना सोयीची वाटली. १९५४ मध्ये अमेरिकेत बर्क्स, वॉरन आणि राइट यांनी ती मांडली. पुढे काही वर्षांत ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी तिच्यावर काम केलं, आणि हे गृहस्थ मुळात तत्त्वज्ञानाचे! युरोपात बाउअर आणि डाइक्स्ट्रा हेही स्वतंत्रपणे तिथंच पोचले. एकच कल्पना तीन-चार ठिकाणी, एकमेकांना न विचारता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एचपीने १९६८ च्या ९१००ए या टेबलावरच्या यंत्रात ती वापरली आणि १९७२ मध्ये एचपी-३५ काढला. साइन, लॉग सगळं करणारं, शर्टाच्या खिशात मावणारं यंत्र, ३५ कळा, किंमत ३९५ डॉलर. त्या काळी मेमरी महाग होती. कंस सांभाळायचे तर राहिलेल्या क्रिया यंत्राला लक्षात ठेवाव्या लागतात. इथं कळ दाबली की क्रिया लगेच उरकते. म्हणजे सुरुवातीला ही यंत्राची सोय होती, माणसाची नव्हे. मग मेमरी स्वस्त झाल्यावरही माणसं का चिकटून राहिली? 'जुनं ते सोनं' हे आळशी उत्तर इथं कमी पडतं.

आता मोहक उत्तर. आपण मराठीत कसं बोलतो बघा. 'तीनात चार मिळव', 'वीसला चारने भाग', 'पंचवीसचं वर्गमूळ', 'तीस अंशांचा साइन'. आधी आकडे, मग क्रिया. वहीत मात्र मुळाचं चिन्ह २५ च्या आधी आणि साइन ३० च्या आधी. 'तीन अधिक चार' हे शाळेतलं मराठी आहे, चिन्हांच्या क्रमाने वाचायला शिकवलेलं. सिल्लोडच्या बाजारात मिरचीचा हिशोब करणारा माणूस 'तीन नि चार सात, पाच नि सहा अकरा, अकरा साते सत्त्याहत्तर' असाच जातो, आणि एचपीवर बोटंही याच टप्प्यांनी जातात.

आणखी पुढे जायचं तर इथून कन्नडला जा, घाट उतरून चाळीसगाव गाठा. तिथून जवळच पाटण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याला १२०७ साली मिळालेल्या दानाचा शिलालेख तिथल्या देवळात आहे आणि त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजींनी, एकोणिसाव्या शतकात. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या एका भागात, अज्ञात राशीला 'या' म्हणतात, दुसरीला 'का'. 'या'चा वर्ग 'याव', घन 'याघ'. आणि दोन अज्ञातांचा गुणाकार? 'याकाभा'. भा म्हणजे भावित. आधी दोन राशी, मग क्रिया!

इथं पोस्ट टाकायची घाई होते, की उलटी पोलिश पद्धत आमच्या भास्कराचार्यांची. थांबा. त्याच ग्रंथात करणी, म्हणजे ९ चं वर्गमूळ, 'क ९' असं लिहितात, चिन्ह आधी. बेरजेला तर चिन्हच नाही, राशी नुसत्या शेजारी मांडायच्या. ही अक्षरं शब्दांची लघुरूपं आहेत, 'यावत्तावत्-वर्ग' हा शब्दक्रमच त्यांत उतरलाय. कंस टाळण्याचा हेतू नाही, चवड नाही, यंत्र नाही. आणि भास्कराचार्य ते वुकाशेविच अशी कुठलीही साखळी दाखवता येत नाही. साम्य दिसलं म्हणून वारसा सिद्ध होत नाही. विसाव्या शतकातच तीन-चार जण वेगवेगळे तिथं पोचले होते, हे वर पाहिलंच. व्हायव्हाला 'मग दुवा कुठाय?' एवढं एकच विचारलं जाईल.

भाषेचा तर्कही असाच तपासा. क्रियापद शेवटी असणाऱ्या भाषेमुळे ही पद्धत आवडत असेल, तर तिचे भक्त आपल्याकडे आणि जपानात जास्त हवेत. प्रत्यक्षात तिचं माहेर अमेरिका, जिथलं क्रियापद वाक्याच्या मध्ये बसतं. उलट जपानी कॅसिओच्या जुन्या सायंटिफिक यंत्रांवर आधी ३० आणि मग साइन दाबायचं, पुढे तेही बदलून वहीसारखं झालं. भाषेमुळे पहिला दिवस थोडा सोपा जात असेल, यापलीकडे मी जाणार नाही.

माझ्या मते खरं कारण त्या मधल्या ७ आणि ११ मध्ये आहे. प्रत्येक टप्प्याचं उत्तर डोळ्यांसमोर येतं. ११ च्या जागी ११० दिसले तर तिथंच कळतं, आणि चवडीतले ७ शाबूत असतात. लांबलचक ओळ टाइप करून शेवटी एकच आकडा मिळाला तर चूक कुठल्या कंसात झाली हे शोधत बसावं लागतं. पुलाचा किंवा सर्किटचा हिशोब करणाऱ्याला मधला आकडा उत्तराइतकाच महत्त्वाचा असतो. शिवाय सूत्र आतून बाहेर सोडवायचं असल्यामुळे कळ दाबण्याआधी त्याची रचना वाचावीच लागते.

यासाठी जुनं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. फ्री४२ नावाचं ॲप फुकट आहे, एचपी-४२एसची हुबेहूब नक्कल. बारावीच्या फिजिक्समधलं कुठलंही एक उदाहरण त्यावर सोडवा. पहिल्या दिवशी बोट सारखं 'बरोबर' शोधेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॅसिओ हातात घेतला की ३ दाबून एंटर कुठंय ते शोधायला लागाल.