लग्नाची याद आणि लग्नाचा करार

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी नातीच्या लग्नाची बैठक ठरली. बैठकीच्या आठ दिवस आधी कळले की, मुलाने आणि मुलीने मिळून महाराणा प्रताप नगरातील एका वकिलांची वेळ घेतली आहे. लग्नाआधी करार करून ठेवायचा म्हणे. आमच्या वहिनी खिन्न झाल्या. "अक्षता पडायच्या आधीच मोडण्याची तजवीज?" एवढेच त्या म्हणाल्या. या प्रसंगामुळे जुने कागद काढून पाहणे आम्हांस भाग पडले.

१९५६ साली राजधानी नागपुराहून भोपाळास आली आणि तिच्याबरोबर आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. सामानात देव आले, पितळेची भांडी आली आणि लग्नाच्या यादीही आल्या. आमच्या पेटीतील सर्वांत जुनी याद मोडीत आहे. माथ्यावर 'श्री', कडेला हळदीकुंकवाची बोटे. कोणी किती माणसे आणावीत, जानवशाची सोय कोणी करावी, विहिणीचा मान काय, मुलीच्या अंगावर कोणते दागिने घालावेत, सारे कलमवार लिहिलेले आहे. खाली दोन्हीकडील वडीलधाऱ्यांच्या सह्या आहेत. म्हणजे लग्नाआधी लिहून घेणे आपल्याकडे नवे नाही. मात्र ती याद दोन घरांमधील होती. वधूवरांची सही तीत नाही आणि घातलेले दागिने पुढे कोणाचे, याविषयी एक अक्षरही नाही.

वधूवरांनी आपसात केलेल्या कराराकडे न्यायालयांनी फार काळ संशयाने पाहिले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २३ वे कलम लोकहिताविरुद्ध असलेला करार रद्दबातल ठरवते. पत्नीला तिच्या माहेराहून हलवणार नाही, असा विवाहापूर्वीचा करार १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तो अशाच कारणाने मानला गेला नाही. हिंदू विवाह हा संस्कार, तो अटींनी बांधता येत नाही, ही त्यामागील धारणा.

याच देशात गोमंतकाची रीत मात्र निराळी. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून तेथे लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग टिकून राहिला. तेथे विवाहापूर्वी नोटरीपुढे करार करून पतिपत्नींना आपल्या मालमत्तेची व्यवस्था ठरवता येते. सर्व सामाईक ठेवावे, वेगवेगळे ठेवावे, की लग्नानंतर मिळवलेले तेवढेच सामाईक मानावे, हे त्यांनी निवडायचे. काहीच लिहिले नाही, तर मालमत्ता सामाईक धरली जाते आणि पत्नीचा अर्धा वाटा उभा राहतो. लग्न लागल्यावर करार बदलता येत नाही. गोव्यातील हिंदू घरेही पिढ्यान्‌पिढ्या या व्यवस्थेत नांदली. कागदामुळे तेथील संसार उणे झाले, असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या भोपाळास तर ही कल्पना मुळीच परकी नाही. मुस्लिम विवाह मुळात करारच. मेहेरची रक्कम आणि मान्य अटी निकाहनाम्यात लिहिल्या जातात. २००५ साली मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने आपला आदर्श निकाहनामा याच शहरात प्रसिद्ध केला होता. शेजारच्या घरात जे रूढ आहे, ते आपल्याला अशुभ वाटावे, याचे थोडे नवलच.

कायद्याने आपल्या यादीलाही नवे रूप दिले आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखालील १९८५ च्या नियमांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटवस्तूंच्या याद्या करून त्यांवर दोघांनी सह्या करावयाच्या असतात. वधूची यादी वधूने जपायची. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीची एकटीचीच मालकी असते, असे सांगितले.

वकिलांनीही आमच्या मुलांस हेच समजावले. गोव्याबाहेर हिंदू विवाहापूर्वीच्या करारासाठी स्वतंत्र कायदा नाही. घटस्फोटाच्या अटी आधी लिहिल्या, तर न्यायालय त्या मानीलच, असा भरवसा देता येत नाही. पोटगीचा हक्क आधीच सोडून देणे तर मुळीच चालत नाही. परंतु प्रत्येकाचे आधीचे घर, ठेवी, कर्जे आणि स्त्रीधन यांची स्पष्ट नोंद पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

बैठकीच्या आदल्या रात्री आम्ही ती मोडी याद वहिनींना वाचून दाखवली. दागिन्यांचे कलम आले, तेव्हा त्या थांबा म्हणाल्या. त्यांच्या चार पाटल्या घराच्या भूखंडासाठी मोडल्या गेल्या होत्या. भूखंड पुरुषांच्या नावावर झाला. कोणी फसवले नाही, कोणी विचारलेही नाही. "माझ्या पाटल्या कोणत्या यादीत होत्या?" असे त्यांनी विचारले आणि आम्हां कोणाजवळच उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. दोघांनी दोन पानांची याद केली. माथ्यावर 'श्री' लिहिले, ते वहिनींनीच. हळदीकुंकवाची बोटेही त्यांनीच लावली. फरक एवढाच, की या वेळी खाली पहिली सही मुलीची होती.