तापलेल्या हवेचा इतिहास

रविवारची सकाळ कशी घालवावी याविषयीं पुण्यांत प्रत्येक पिढीचें मत निराळें असतें. आमच्या शेजारच्या तरुण गृहस्थांनीं गेल्या उन्हाळ्यांत अशाच एका सकाळीं आपल्या डिझेल मोटारीचा पुढचा बंपर उतरवून सतरंजीवर ठेविला, आणि मूळचा इंटरकूलर काढून त्या जागीं दुप्पट जाडीचा नवा बसविण्यास आरंभ केला. त्यांचे वडील गॅलरींतून म्हणाले, "अरे, कंपनीनें बसविलेलें चांगलें चाललें आहे; त्याला हात कशाला लावतोस?" चिरंजीव उत्तरले, "बाबा, कंपनीनें खर्च पाहून बसविलें, मी ताकद पाहून बसवितों." मध्यस्थीसाठीं आम्हांस बोलावणें आलें. निकाल त्या वेळीं देतां आला नाहीं. पण घरीं येऊन त्या लहानशा ॲल्युमिनियमच्या पेटीचा इतिहास आम्हीं चाळला, तेव्हां उभयतांच्या बोलण्यांत थोडें थोडें सत्य आहे असें दिसून आलें.

इंजिन हें दिसावयास इंधन पिणारें यंत्र असलें, तरी वस्तुतः तें हवा खाणारें यंत्र आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. इंजिनाचा आकार न वाढवितां ताकद वाढवावयाची, तर त्याच पोकळींत अधिक हवा कोंबली पाहिजे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. फुकट जाणाऱ्या उष्ण धुरानें एक चक्र फिरवावयाचें, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून आंत लोटावयाची, ही ती युक्ति. परंतु हवा दाबली कीं तापते. सायकलींत हवा भरतांना पंप कसा चटका देतो हें मुलांनाही ठाऊक आहे. तापली कीं ती विरळ होते, आणि कोंबल्याचा लाभ कांहीं अंशीं निघून जातो. ३० अंश सेल्सिअसची हवा वातावरणाच्या १.७ पट दाबली, तर साधारण टर्बोचार्जरांतून ती १०० अंशांच्या आसपास तापून निघते. तीच वाटेंत ५० अंशांपर्यंत निवविली, तर तेवढ्याच जागेंत सुमारें १५ टक्के अधिक हवा मावते. एका हातानें मिळविलेलें दुसऱ्या हातानें सांडूं नये, एवढ्यासाठींच इंटरकूलरची योजना आहे.

या विद्येची मोठी परीक्षा डोंगरावर झाली. १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनियरानें विमानाचें 'लिबर्टी' इंजिन १४,००० फुटांहून उंच अशा पाइक्स पीक शिखरावर नेलें. सपाटीवर ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन तेथील विरळ हवेंत २३० वर आलें; टर्बोचार्जर जोडतांच त्यानें ३५६ दिली. पुणेकरांस याचें फारसें नवल वाटूं नये. आपलें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच, तर महाबळेश्वर १,३५० मीटरांच्या वर. मुंबईहून खंडाळ्याचा घाट चढून येणाऱ्या साध्या इंजिनास प्रत्येक श्वासास थोडी कमीच हवा मिळते.

पण आमच्या शेजाऱ्यांच्या वादाशीं नेमका जुळणारा प्रसंग दुसऱ्या महायुद्धांत घडला. लॉकहीड कंपनीच्या पी-३८ या लढाऊ विमानांत दाबलेली हवा पंखाच्या पुढच्या कडेच्या पोकळींतून खेळवून थंड करीत. योजना मोठी सुबक होती. तिला वेगळी जागा लागत नसे. पुढें इंजिनांची ताकद वाढत गेली, परंतु पंखाची कड होती तेवढीच राहिली, आणि हवा पुरेशी निवेना. तेव्हां १९४३ च्या सुमारास निघालेल्या 'जे' नमुन्यांत इंजिनाखालीं मोठे, स्वतंत्र इंटरकूलर बसविण्यांत आले. दुखणें गेलें असें वाटलें. पण युरोपच्या कडाक्याच्या थंडींत, उंचावरून संथपणें जातांना, हवा गरजेपेक्षां अधिक थंड होऊं लागली. त्या विमानांच्या इंजिनांविषयीं ज्या तक्रारी आल्या, त्यांच्या कारणांत या अतिथंडाव्याचीही गणना झाली. आधीं उणें पडलें तें मग अधिक झालें!

रस्त्यावरील मोटारींत ही कला उशिरां आली. १९६२ च्या ओल्ड्समोबिल 'जेटफायर' गाडींत इंटरकूलर नव्हता. पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण हवेंत फवारून काम भागवीत, आणि तें संपलें कीं मालकानें पुन्हां भरावयाचें. हा नित्याचा उपद्व्याप लोकांस मानवला नाहीं. १९७८ च्या नमुन्यांत पोर्शे कंपनीनें आपल्या टर्बो गाडीच्या मागील पंखाखालीं हवेनें थंड होणारा इंटरकूलर बसविला, आणि तोच मार्ग पुढें रूढ झाला.

आपल्या पुण्यास तर डिझेल इंजिनाचें माहेरच म्हणावें लागेल. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ सालीं निघाला. १९६२ सालीं किर्लोस्कर-कमिन्स आली. १९६६ सालीं पिंपरीस टेल्कोचा पसारा उभा राहिला आणि त्याच वर्षीं मोटारींच्या संशोधनासाठीं 'एआरएआय' ही संस्था येथें स्थापन झाली. १९९८ सालीं निघालेल्या टाटा सफारीबरोबर टर्बो व इंटरकूलर हे शब्द मध्यमवर्गीय घरांतही परिचित झाले. पुढें धुराचे नियम कडक होत गेले, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा अमलांत आला. थंड हवेंत ज्वलनाचें तापमान उतरतें आणि नायट्रोजनचे घातक ऑक्साइड कमी निपजतात. त्यामुळें ताकदीसाठीं जन्मलेली ही पेटी आतां शहराच्या श्वासाचीही राखणदार झाली आहे.

हें सर्व लक्षांत घेतलें म्हणजे रविवारच्या वादाचें स्वरूप पालटतें. नवा इंटरकूलर मोठा, म्हणून त्यांत हवा भरावयास वेळ अधिक. जाड, म्हणून मागच्या रेडिएटरला वारा कमी. शिवाय इंधन किती सोडावयाचें हें ठरविणारा संगणक आपला जुनाच हिशेब धरून बसलेला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांवर मर्यादा घालतें, तेंही आधीं वाचावयास हवें होतें.

चिरंजीवांनीं काम मात्र नेटकें केलें. इंजिन निवूं दिलें, उघड्या नळ्यांच्या तोंडांत स्वच्छ फडकीं कोंबलीं, आणि जोडांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहिले. पुढच्या रविवारीं स्वारी दिवेघाट चढून आली. "ओढ वाढली," असें ते म्हणाले. मग थोड्या वेळानें, "पण पाण्याचा कांटा वर जातो," हेंही त्यांनींच सांगितलें. त्या संध्याकाळीं काढून ठेविलेला जुना इंटरकूलर त्यांनीं वडिलांसमोर उजेडांत धरला. बाहेरच्या पात्यांत कित्येक पावसाळ्यांची माती आणि मेलेले किडे, आंत तेलाचा काळा थर! पितापुत्रांनीं मिळून तो धुतला, वाळविला आणि पुन्हां बसविला. गाडीची गेलेली ओढ बरीचशी परत आली, आणि कांटा जागेवर राहिला.

मुलानें बंपर उतरविलाच नसता, तर ती माती कोणास दिसली असती? आणि वडिलांनीं हटकलें नसतें, तर जुनी पेटी भंगारांतच गेली असती. नवा इंटरकूलर सध्यां माळ्यावर आहे. वडिलांनीं स्वतःच तो वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेविला आहे.