डोक्यावरचा भोवरा

टाळूच्या जरा मागे केस एका जागेभोवती गोल फिरून चहूकडे जातात. त्या जागेला आपण भोवरा म्हणतो. नदीतलाही भोवराच, आणि जाळी गुंडाळून फेकायचा तोही भोवराच. संस्कृतातला 'आवर्त'ही तसाच, पाण्यातला आणि केसांतला.

गंमत म्हणजे दूरदूरच्या लोकांनाही हेच सुचलं. स्पॅनिशमध्ये पाण्यातला आणि डोक्यावरचा दोन्ही भोवरे 'रेमोलिनो'. जपानीत डोक्यावरचा 'त्सुमुजी', तर वावटळ म्हणजे 'त्सुमुजिकाझे'. लॅटिन 'व्हर्टेक्स'चा अर्थ आधी पाण्याचा भोवरा, मग डोक्याचा माथा, मग कुठलंही शिखर. इंग्रजीतला 'व्हर्टिकल' त्यातूनच आला. म्हणजे सरळ उभ्या रेषेचं मूळ गरगरणाऱ्या पाण्यात!

इथवर सगळं छान आहे. पण माणूस नाव देऊन थांबत नाही.

जपानीत हेकट माणसाला 'त्सुमुजि-मागारी' म्हणतात, म्हणजे वाकड्या भोवऱ्याचा. आपल्याकडे अश्वशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत घोड्याच्या अंगावरचा कुठला आवर्त शुभ आणि कुठला अशुभ याची चर्चा आहे. गळ्यावरचा 'देवमण' भाग्याचा, डोळ्याखालचा वाईट. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात आजही गिऱ्हाईक आधी हे बघतं. भोवऱ्याच्या जागेवर जनावराची किंमत ठरते.

आणि माणसाची? 'दोन भोवरे, दोन लग्नं' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मुलगा असेल तर हसून सांगतात. मुलगी असेल तर आवाज खाली जातो, कारण दुसरं लग्न म्हणजे पहिल्या नवऱ्याचं काय झालं, हा प्रश्न न विचारताच येतो. आमच्या नात्यातल्या एका मुलीची आई वर्षानुवर्षं तिचा भांग अशा बेताने पाडायची, की दुसरा भोवरा झाकला जावा. मुलीला कारण कळलं ते लग्न ठरायच्या वेळी.

हे अडाण्यांचं काम म्हणून सोडून देता येत नाही. २००३ साली अमर क्लार या जनुकशास्त्रज्ञाने भोवऱ्याची दिशा आणि डावखुरेपणा यांचं मूळ एकच असल्याचं मांडलं. त्यासाठी त्याने गर्दीच्या ठिकाणी लोकांची डोकी न्याहाळली होती. पुढच्या अभ्यासांत इतरांना तो संबंध सापडला नाही. मला यात विशेष वाटतं ते हे, की त्याचं म्हणणं तपासलं तरी गेलं. दोन लग्नांचं कुणी कधी मोजून पाहिलं?

भोवरा घडतो आईच्या पोटात, चौथा महिना सरायच्या सुमारास. लहान डोकं वाढत असतं, वरची कातडी ताणली जाते आणि केसांची मुळं कलतात. बस्स, एवढंच. तेव्हा बाळाचं बारसंही झालेलं नसतं.

जागेला नाव ठेवणं वेगळं आणि माणसाला नावं ठेवणं वेगळं. मराठीत या दोन्हींत फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे, म्हणून जपून राहावं. असो.