नव्याण्णव वजा ज्ञान

अमेरिकेतल्या केऑसियम या छोट्या प्रकाशनसंस्थेने १९८१ साली ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा खेळ बाजारात आणला. त्याच्या नियमपुस्तकात एक वजाबाकी आहे. पात्राचे शहाणपण जास्तीत जास्त किती राहू शकते? ९९ वजा त्या पात्राला असलेले निषिद्ध ज्ञान. ज्ञान ५ असेल तर शहाणपणाची कमाल मर्यादा ९४. ज्ञान ४० झाले की ५९. गमावलेले शहाणपण उपचारांनी किंवा संकट टळल्यावर काही प्रमाणात परत मिळते. ज्ञानाने व्यापलेली जागा मात्र पुन्हा मोकळी होत नाही.

इंग्रजीतल्या ‘सॅनिटी’साठी मी मुद्दाम शहाणपण हा शब्द घेतला आहे. मराठीत शहाणा म्हणजे वेडा नसलेला, आणि शहाणा म्हणजे जाणताही. त्यामुळे ज्ञान वाढले की शहाणपण घटते, हे आपल्या कानाला उलटेच वाटते. तरी ‘फार वाचू नकोस, डोकं फिरेल’ हे वाक्यही याच भाषेतले. पदवीशिवाय, पुस्तकांच्याच आधाराने शिकलेल्या माझ्यासारख्याला ते जरा जास्त वेळा ऐकावे लागते. म्हणून ही वजाबाकी आली कुठून आणि तिच्यात खरे किती, हे तपासावेसे वाटले. मी हे खेळ खेळत नाही. त्यांची नियमपुस्तके वाचतो.

वाचणारे नायक

या प्रकारच्या खेळात पट नसतो, सोंगट्या नसल्या तरी चालते. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ साली हा प्रकार रूढ केला. तिथला नायक राक्षस मारतो, खजिना लुटतो आणि दिवसेंदिवस बलवान होत जातो.

‘कॉल ऑफ क्थुलू’चा कर्ता सँडी पीटरसन याने ही चढण उलटी फिरवली. त्याची पात्रे १९२०च्या दशकातली साधी माणसे: प्राध्यापक, बातमीदार, डॉक्टर, जुन्या वस्तूंचे व्यापारी. त्यांच्या मोठ्या उपयोगाच्या कौशल्यांपैकी एक म्हणजे ग्रंथालयात हवा तो कागद शोधून काढणे. तलवारीचे काम इथे वाचन करते, आणि वाचनाची जखमही वाचणाऱ्यालाच होते.

भयंकर काही दिसले की दोन दहा-बाजूंच्या फाशांनी १ ते १०० मधला आकडा काढायचा. तो आपल्या शहाणपणाच्या आत पडला तर थोडक्यात निभावते. वर गेला तर जास्त गुण जातात. साक्षात क्थुलू समोर आला तर फासा अनुकूल पडूनही १ ते १० गुण जातात, प्रतिकूल पडला तर १ ते १००. गुण शून्यावर आले की ते पात्र खेळाडूच्या हातून जाते आणि सूत्रधाराचे होते.

मला सर्वांत विचार करायला लावणारा नियम याच्या पुढचा आहे. एका फटक्यात ५ किंवा अधिक गुण गेले, तर पात्राच्या बुद्धीची परीक्षा घेतात. या परीक्षेत उत्तीर्ण होणारा वेडा होतो, कारण आपण काय पाहिले हे त्याला पुरते उमगते. नापास होणाऱ्याचे मन ती आठवण दडपून टाकते आणि तो बचावतो. शिवाय, अशा दर्शनाने पहिल्यांदा वेड लागले की निषिद्ध ज्ञान ५ गुणांनी वाढते. म्हणजे ज्ञानाने वेड, आणि वेडाने पुन्हा ज्ञान.

आपल्याकडेही गूढविद्येची भीती आहे, पण ती अधिकाराशी बांधलेली आहे. अनधिकारी माणसाने मंत्र उचलला तर अनर्थ, गुरूकडून रीतसर घेतला तर सिद्धी. या खेळात अधिकारी कोणीच नाही. विश्वाचे सत्य माणसाच्या मापाचेच नाही, असे त्याचे गृहीत आहे. ते आले एच. पी. लव्हक्राफ्ट या लेखकाकडून.

प्रॉव्हिडन्समधले घर

लव्हक्राफ्टचा जन्म १८९०चा, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचा, मृत्यू १९३७चा. खेळाला नाव देणारी त्याची कथा १९२६ साली लिहिली गेली आणि फेब्रुवारी १९२८च्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात आली. तिचा निवेदक लढवय्या नाही. मृत चुलत आजोबांचे कागद तो चाळतो, कात्रणे जुळवतो, आणि ती जुळल्यामुळेच त्याचा घात होतो. सुटे सुटे तुकडे निरुपद्रवी असतात, एकत्र आले की असह्य होतात, हे त्या कथेचे सूत्र.

त्या कात्रणांत एक आपल्याकडचेही आहे. समुद्रतळीचा देव स्वप्नांतून जगाला छळतो आहे याचा पुरावा म्हणून मार्च १९२५च्या अखेरीस हिंदुस्थानातल्या लोकांत पसरलेल्या गंभीर अस्वस्थतेचा उल्लेख येतो. परक्या राजवटीतल्या माणसांना अस्वस्थ व्हायला राक्षसाचे स्वप्न कशाला हवे, हा प्रश्न त्या कथेला पडत नाही. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष त्याच्या पत्रांत आणि कथांत उघड आहे. निषिद्ध ज्ञान त्याने बहुधा गौरेतरांच्या पदरी टाकले. त्याच्या ‘नेक्रोनॉमिकॉन’ या कल्पित ग्रंथाचा कर्तासुद्धा एक वेडा अरब.

आता घराकडे वळू. लव्हक्राफ्ट तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा, एप्रिल १८९३ मध्ये, त्याच्या वडिलांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटल या मनोरुग्णालयात दाखल केले गेले. १८९८ साली ते तिथेच वारले. रुग्णालयाच्या नोंदीतले निदान होते ‘जनरल पॅरेसिस’. उपदंश मेंदूपर्यंत पोचल्याची ही अवस्था. तिचे जंतू रुग्णांच्या मेंदूत असल्याचे नोगुची आणि मूर यांनी १९१३ साली दाखवून दिले. पुढे १९१९ साली आईही त्याच रुग्णालयात गेली आणि १९२१ साली तिथेच वारली.

वडिलांविषयी लव्हक्राफ्टने पत्रांत दिलेले कारण असे: अभ्यास आणि धंद्याची काळजी यांचा मेंदूवर अतिताण पडला, त्यातून पक्षाघात झाला. फिरत्या विक्रेत्याचे काम करणाऱ्या माणसाच्या आजाराला घराने ‘अभ्यासाचा ताण’ असे नाव दिले, कारण खरे नाव उच्चारण्याजोगे नव्हते. फार वाचल्याने डोके फिरते, ही समजूत इथे अब्रू झाकणारे पांघरूण झाली. मुलाला खरे किती ठाऊक होते यावर अभ्यासक वाद घालतात. त्याच्या कथांतली माणसे मात्र आजाराने वेडी होण्यापेक्षा वाचून, पाहून आणि कळून वेडी होतात.

पुन्हा तेच पांघरूण

खेळ निघाला त्याच सुमारास अमेरिकेत हीच समजूत खेळांवरच उलटली होती. १९७९ साली मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक सोळा वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला. खेळाच्या नादात तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला, अशी बातमी पसरली. तिच्यावरून स्फुरलेली रोना जॅफे यांची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ ही कादंबरी १९८१ मध्येच आली. खेळता खेळता भान हरपलेला तरुण हा तिचा विषय. १९८२च्या चित्रपटात ती भूमिका टॉम हँक्सने केली.

त्या मुलाचा शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेराने १९८४ साली पुस्तक लिहून वेगळी हकिकत सांगितली. मुलगा नैराश्यात होता, त्याच्यावर अपेक्षांचे ओझे होते, तो एकाकी होता. खेळ हे त्याच्या दुःखाचे कारण नव्हते. पण तोवर पालकांच्या मोहिमा उभ्या राहिल्या होत्या. १८९३ साली ‘अभ्यास’, १९७९ साली ‘खेळ’: आजारी माणसाकडे पाहण्याऐवजी त्याच्या हातातल्या वस्तूकडे बोट दाखवणे सोपे जाते.

वजाबाकीची दुरुस्ती

मनोविकाराने ग्रासलेल्यांच्या बाजूने पाहिले, तर ‘कॉल ऑफ क्थुलू’चा नियमही निर्दोष नाही. विकारांची यादी करून फासा टाकून भयगंड वाटणे ही चेष्टा ठरू शकते. ही अडचण पुढच्या रचनाकारांनी ओळखली. जॉन टाइन्स आणि ग्रेग स्टोल्झी यांच्या ‘अननोन आर्मीज’ने १९९८ साली एका आकड्याऐवजी पाच मोजपट्ट्या केल्या: हिंसा, अतिनैसर्गिक, असहायता, एकटेपणा आणि स्व. प्रत्येकीवर दोन बाजू, कोसळणे आणि निबर होणे. हिंसा पाहून काहीच न वाटू लागणे हीसुद्धा इजा आहे, हे त्या खेळाने हिशोबात धरले.

केनेथ हाइट यांच्या ‘ट्रेल ऑफ क्थुलू’ने २००८ साली आणखी बारीक भेद केला. मनाचे स्थैर्य वेगळे आणि माणसांविषयी, जगाविषयी आस्था व विश्वास वेगळा. दुसरे पूर्ण संपूनही माणूस शांत, नेटका, कामसू राहू शकतो. त्या जगातले सर्वांत भयंकर लोक तेच. आणि २०१७ साली ख्रिस स्पायव्ही यांच्या ‘हार्लेम अनबाउंड’ने १९२०च्या दशकातल्या कृष्णवर्णीय हार्लेमकरांना शोधक म्हणून मध्यभागी आणले. लव्हक्राफ्टने ज्यांना भीतीचे कारण केले, ते आता वाचणारे झाले.

या दुरुस्त्यांनंतर मूळ वजाबाकीत काही उरते का? माझ्या मते उरते. दुष्काळातल्या मृतांच्या याद्या किंवा दंगलीतल्या साक्षी वाचणाऱ्याला ते ठाऊक असते. काही कागद वाचल्यावर पूर्वीचा निर्धास्तपणा परत येत नाही. पण हा जाणण्याचा भार आहे. त्याला वेड म्हटले तर आपण वाचणाऱ्यावरही अन्याय करतो आणि खरोखर आजारी असलेल्यावरही.

पीटरसनच्या खेळाने एक गोष्ट मात्र लव्हक्राफ्टपेक्षा चांगली केली. कथेतला निवेदक एकटाच वाचतो आणि एकटाच संपतो. टेबलावर ग्रंथ कोणी वाचायचा हे चौघे मिळून ठरवतात. वाचायला आठवडे, महिने लागतात, तोवर बाकीचे त्याला सांभाळून घेतात. त्याच्या कागदावरचा आकडा खाली येतो तो सगळ्यांच्या देखत, आणि कोणी त्याला दुसरे नाव देत नाही. प्रॉव्हिडन्सच्या त्या घरात एवढेच झाले नव्हते.