ताकिग्यो : धबधब्याखालची साधना आणि तिचे वाटाडे

धबधब्याच्या धारेखाली उभे राहून मंत्र म्हणण्याच्या जपानी साधनेला ‘ताकिग्यो’ म्हणतात. ‘ताकि’ म्हणजे धबधबा आणि ‘ग्यो’ म्हणजे तपश्चर्या. धारेखाली कोणी उभे राहावे, त्याआधी किती दिवस सोवळे पाळावे आणि त्याला तिथवर कोणी न्यावे, हे नियम काळानुसार सैल होत गेले. म्हणूनच या साधनेचा इतिहास बराचसा तिच्या वाटाड्यांचाही इतिहास आहे.

तिची मुळे दोन परंपरांत आहेत. इ.स. 712 मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात इझानागी हा देव मृतांच्या लोकातून परततो आणि नदीच्या मुखाशी स्नान करून विटाळ धुऊन टाकतो. त्याने डावा डोळा धुतला तेव्हा सूर्यदेवी आमातेरासू प्रकटली. शिंतो धर्मातील ‘मिसोगी’ हे शुद्धिस्नान याच कथेशी जोडले जाते. दुसरी परंपरा बौद्ध तंत्रमार्गाची. कूकाई हा भिक्षू 806 मध्ये चीनहून परतला आणि त्याने शिंगोन पंथ रुजवला. या पंथातील फुदो म्योओ ही देवता म्हणजे संस्कृत परंपरेतील अचल किंवा अचलनाथ. एका हातात खड्ग, दुसऱ्या हातात पाश आणि पाठीशी ज्वाळा असे तिचे रूप आहे. साधनेच्या धबधब्याजवळ तिची मूर्ती बहुधा असतेच. धारेखाली म्हटला जाणारा तिचा मंत्रही मुळात संस्कृत असून जपानी उच्चारांत रुळला आहे.

या दोन्ही परंपरा शुगेन्दो या डोंगरी तपस्व्यांच्या मार्गात एकत्र आल्या. या तपस्व्यांना यामाबुशी म्हणतात. एन नो ग्योजा हा त्यांचा आद्यपुरुष मानला जातो. 699 मध्ये त्याला इझू येथे हद्दपार केल्याची नोंद ‘शोकु निहोंगी’ या दरबारी इतिहासग्रंथात आहे. कुमानो प्रदेशातील 133 मीटर उंचीचा नाची धबधबा हे यामाबुशींचे मोठे क्षेत्र. तेथे धबधबाच देव मानला जातो. योद्ध्याचा भिक्षू झालेला मोंगाकू ऐन हिवाळ्यात या पाण्यात बसला, मरणाच्या दारात पोहोचला आणि फुदोच्या दोन सेवकांनी त्याला वाचवले, अशी कथा ‘हेइके मोनोगातारी’त येते.

सामान्य यात्रेकरूला सोबतीस देव नव्हे, अनुभवी माणूस लागे. त्याला ‘सेन्दात्सु’ म्हणत, म्हणजे वाटेने आधी जाऊन आलेला. 1090 मध्ये निवृत्त सम्राट शिराकावा कुमानोच्या यात्रेला निघाला तेव्हा झोयो हा भिक्षू त्याचा सेन्दात्सु होता. वाट दाखवणे, वाटेतील नद्यांवर शुद्धिस्नाने घडवणे आणि विधी सांगणे ही कामे त्याच्याकडे असत. पुढे सरदार आणि सामान्य लोकही अशाच वाटाड्यांबरोबर कुमानोला जाऊ लागले.

सामान्यांसाठी मोठा बदल ओन्ताके या 3,067 मीटर उंचीच्या पर्वतावर झाला. तेथे चढण्यापूर्वी 75 ते 100 दिवसांचे कडक सोवळे पाळावे लागे, आणि शेतकऱ्याला किंवा कारागिराला ते परवडणारे नव्हते. 1785 मध्ये काकुमेइ आणि 1792 मध्ये फुकान या तपस्व्यांनी थोडक्या दिवसांच्या जलशुद्धीवर लोकांना वर नेले. त्यातून गावोगावी ‘को’ नावाची भक्तमंडळे उभी राहिली. पर्वताच्या पायथ्याचे कियोताकी आणि शिनताकी हे धबधबे त्यांच्या साधनेची ठिकाणे झाले.

मेइजी सरकारने 1868 मध्ये शिंतो आणि बौद्ध धर्मांची फारकत केली आणि 1872 मध्ये शुगेन्दोवर बंदी घातली. यामाबुशींना बौद्ध पंथात जावे लागले, शिंतो पुजारी व्हावे लागले किंवा संसाराला लागावे लागले. पुढे कावात्सुरा बोन्जी (1862–1929) याने मिसोगीला शिंतो चौकटीत नवे रूप दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि शुगेन्दोचे पंथही पुन्हा उघडपणे उभे राहिले.

परदेशी लोक प्रथम प्रेक्षक म्हणून आले. पुढे मंगळावरील कालव्यांच्या कल्पनेमुळे गाजलेला अमेरिकन पर्सिव्हल लोवेल 1891 मध्ये ओन्ताकेवर गेला आणि तेथील अंगात येण्याच्या विधींवर त्याने पुस्तक लिहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी लोक स्वतः पाण्यात उतरू लागले. मिए प्रांतातील त्सुबाकी या प्राचीन मंदिराने 1987 मध्ये अमेरिकेत शाखा काढली आणि मिसोगी तिकडेही पोहोचली. तोक्योजवळच्या ताकाओ पर्वतावरील ‘बिवा’ आणि ‘ज्या’ या नावांच्या धबधब्यांवर आज नवख्यांनाही मार्गदर्शनाखाली साधना करता येते.

पाहुणा कुठलाही असो, क्रम साधारण सारखाच असतो. तो पांढरी वस्त्रे नेसतो आणि काही ठिकाणी कपाळाला पट्टीही बांधतो. शिंतो पद्धतीत वल्हे मारल्यासारख्या हालचालींनी अंग तापवतात, तर शुगेन्दोत बोटांच्या नऊ मुद्रा करतात. मीठ आणि साके हे तांदळाचे मद्य यांनी शुद्धी होते. वाटाडा आधी पाण्यात उतरतो. भाषा कळत नसली, तरी पाहुणा त्याचे पाहून तसेच करतो. धार थेट टाळूवर न घेता मानेमागे आणि खांद्यांवर घ्यावी लागते. गार पाण्याच्या धक्क्याने श्वास अडखळतो. मोठ्याने मंत्र म्हटल्याने उच्छ्वास लांबतो आणि श्वासाची लय सावरते. नवख्याला धारेखाली थोडाच वेळ ठेवतात. पावसानंतर पाणी चढले असेल, वरून दगड किंवा फांद्या येण्याची भीती असेल किंवा पाहुण्याला हृदयविकार असेल, तर साधना होत नाही. पूर्वी तयारीच्या दिवसांनी होणारी पारख आज धबधब्याच्या काठावर होते, आणि ती करणारा अजूनही वाटाडाच असतो.