बैलांचा नाद आणि घरची वडीलधारी मंडळी

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत आजवर कुलदैवते, मूळ गावे, शिष्यवृत्त्या आणि विवाहविषयक सुधारणा यांवर पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु ज्या जनावराच्या खांद्यावर आपल्या वाडवडिलांचा संसार उभा राहिला त्या बैलाविषयी, आणि त्या बैलाच्या नादी लागलेल्या मुलांविषयी, या पृष्ठांत कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. या विषयाकडे वळण्यास कारणही तसेच घडले. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून ज्ञातीतील कितीतरी आईबापांनी आम्हांस गाठून एकच गाऱ्हाणे सांगितले. बारा-पंधरा वर्षांचा मुलगा छकड्यावर उभा राहावयाचे म्हणतो. नको म्हणावे तर अन्न टाकतो, हो म्हणावे तर घरच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. एक माउली तर म्हणाली, “गुर्जी, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला. पूर्वीच्या आईबापांनी काय केलं, तेवढं सांगा.” प्रश्न रास्त होता, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा नाद काही आजकालचा नव्हे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे गाव आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्यास झुडपाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे सापडली. त्यांत हत्ती, गेंडा व रेडा आहेतच. पण सर्वांत देखणे शिल्प आहे ते दोन बैल जुंपलेल्या रथाचे. रथ बैलांसह जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब. त्यावर एक पुरुष ताठ उभा आहे, बसलेला नाही. विद्वानांमध्ये कालनिर्णयाविषयी मतभेद असले तरी ही शिल्पे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीची असावीत असे सामान्यतः मानले जाते. ते चित्र वर्गात दाखविले की मागच्या बाकावरून हमखास आवाज येई, “गुर्जी, छकडा!” शिकविण्याची गरज उरत नसे.

पुराणांत पाहावे तर तेथे वडीलच मुलांना बैलांपुढे उभे करताना दिसतात. भागवताच्या दशम स्कंधात कोसल देशाच्या नग्नजित राजाची कथा आहे. आपल्या सत्या नावाच्या कन्येसाठी त्याने पण लावला होता की, जो माझे सात मस्तवाल बैल एकट्याने आवरील त्यालाच कन्या देईन. कित्येक राजपुत्र हात-पाय मोडून घेऊन परतले. शेवटी श्रीकृष्णाने त्या सातांना दाव्याने बांधून खेळण्यातल्या बैलांप्रमाणे ओढले. तिकडे द्रविड देशातही हेच. ‘कलित्तोगै’ या प्राचीन तमिळ संग्रहात गवळ्यांच्या तरुणांनी बैलास कवटाळण्याच्या खेळाची वर्णने आहेत, आणि त्या खेळाशी विवाहाचा संबंध जोडलेला आहे. मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. नग्नजिताने पण लावला तो परक्यांच्या मुलांसाठी. स्वतःच्या पोटच्या पोरास त्या सात बैलांपुढे त्याने लोटले असते काय, याविषयी पुराण मौन पाळते!

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा टापू आणि त्याला लागून असलेले आटपाडी व म्हसवड हे खिल्लार बैलाचे माहेर. खिल्लार या शब्दाचा मूळ अर्थच गुरांचा कळप असा आहे. पांढरा वा किंचित करडा रंग, लांब, मागे वळून वर गेलेली शिंगे, निमुळते तोंड, पायांची चपळाई आणि स्वभाव तापट. हा बैल ओढकाम करतो, दुष्काळात तग धरतो. पण परक्या माणसाचा हात त्याला सहसा खपत नाही. सांगोल्याचा रविवारचा बाजार किंवा कार्तिकी यात्रेत भरणारा वाखरीचा बाजार ज्याने पाहिला आहे त्यास हे निराळे सांगावयास नको. गिऱ्हाईक दात पाहावयास पुढे झाले की मालक आधी स्वतः वेसणीला हात घालतो, तो उगाच नव्हे.

अशा बैलाच्या सहवासात मुले वाढत, आणि धोका तर रोजचाच असे. आमच्या पिढीने मोट पाहिली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो; कारण आज चाळिशीच्या आत असलेल्या वाचकांस ती केवळ चित्रातच ठाऊक असावयाची. विहिरीच्या काठापासून उताराची वाट खोदलेली असे, तिला धाव म्हणत. बैल धावेवरून खाली गेले की नाडा ताणला जाऊन पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. मग बैलांना उलट्या पावली पुन्हा वर आणावयाचे. खाली जाताना मोट हाकणारा त्या ताणलेल्या नाड्यावर चक्क बसत असे, कारण त्याच्या भाराने बैलांचे ओझे हलके होई. पुढे दोन बैल भरधाव उतरत आहेत, मागे खोल विहीर आहे, आणि मध्ये दोरावर बसून माणूस गाणे म्हणतो आहे! परदेशात आठ सेकंद बैलाच्या पाठीवर टिकणाऱ्याला बक्षीस देतात. आपल्याकडे उसाचे भरणे असले म्हणजे हा खेळ पहाटेपासून दुपारपर्यंत चाले आणि त्याचे कोणास कौतुक नसे.

त्या नाड्यावर बसण्याचे वेड प्रत्येक मुलास असे. आईबाप काय करीत? आम्ही लहानपणी जे पाहिले आणि वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले त्यावरून सांगतो. ‘नाही’ असे कोणी म्हणत नसे आणि ‘हो’ असेही म्हणत नसे. ‘आधी शेण काढ’ असे म्हणत. शेणापासून सुरुवात होई. मग वैरण, मग पाणी दाखविणे. मग ओढ्यावर नेऊन बैल धुणे, त्यात त्याच्या पोटाखालून हात फिरला म्हणजे त्याने लाथ मारू नये इतकी ओळख होई. नंतर पाण्याला जाताना पाठीवर बसण्याची मुभा मिळे, तीही घरच्या म्हाताऱ्या बैलाच्या. जू, शिवळा आणि जुपण्या नीट बांधता आल्या म्हणजे रिकामी गाडी गावंदरीपर्यंत हाकावयास मिळे. नाड्यावर बसण्याची पाळी येईपर्यंत मिसरूड फुटलेली असे. हा अभ्यासक्रम कोणत्या शिक्षण खात्याने आखला नव्हता, परंतु आम्ही जन्मभर जे वर्ग घेतले त्यांपैकी एकाचीही आखणी इतकी काटेकोर नव्हती असे प्रामाणिकपणे वाटते.

मुलांच्या हौसेलाही वाट होती. आपल्या जिल्ह्याच्या अक्कलकोटकडील भागात ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर होतो, कानडी बांधव त्यास कारहुण्णिमे म्हणतात. सायंकाळी बैल सजवून वेशीतून पळवावयाचे आणि कर तोडावयाची. पांढरा बैल पुढे आला तर ज्वारीसारखे पांढरे पीक चांगले येणार, तांबडा आला तर दुसरे, असा समज. समज खरा की खोटा हा मुद्दा नाही. शर्यत गावच्या वेशीत होई, आणि पळविणारा कोणाचा कोण, बैल कोणाचा, कालपासून त्याने वैरण खाल्ली की नाही, हे पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असे. लाज नावाची एक गोष्ट तेथे पंचाचे काम करी.

सोलापूर शहरात राहणाऱ्यांस हीच रीत दुसऱ्या रूपाने परिचित आहे. श्रीसिद्धेश्वरांच्या जानेवारीतील यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले तरुण ते उंच ध्वज तोलत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. तो मान मिळावा असे कोणा मुलाला वाटत नाही? परंतु यात्रेच्या दिवशी येऊन कोणी काठी उचलीत नाही. कितीतरी आधीपासून सराव चालतो. आज ज्याच्या हाती काठी आहे त्याच्या मागे उद्याचा मुलगा चालत असतो, त्याच्या मागे परवाचा.

मग ही साखळी तुटली कोठे? शहरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. आपल्या ज्ञातीतील अनेक घरे भोंग्याच्या वेळेवर जगू लागली. गावी राहिलेल्यांच्या विहिरीवर आधी तेलाचे इंजिन आणि मग विजेचा पंप बसला, मोट अडगळीत गेली. १९७२च्या दुष्काळाने तर दावणीच्या दावणी मोकळ्या केल्या. त्यानंतर ट्रॅक्टर आला. यात वाईट काहीच नाही. मोटेमागे ज्याची कंबर गेली त्याला विचारा! परंतु परिणाम असा झाला की घरात बैल उरला तो एक तर बेंदरापुरता, नाही तर शर्यतीपुरता. शेण काढण्याचा वर्ग बंद झाला आणि परीक्षा मात्र तशीच राहिली.

शर्यतीचे बैल लाखांच्या मोलाचे झाले, तशी चुरस वाढली आणि चुरशीपाठोपाठ क्रौर्यही आले. शेपट्या पिरगाळणे, टोचणी लावणे, विजेचा झटका देणे असे प्रकार न्यायालयापुढे मांडले गेले. प्राण्यांस निर्दयतेने वागविण्यास बंदी करणारा कायदा १९६० साली झाला होता. त्यामागे नृत्यविदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची तळमळ होती. त्याच कायद्याच्या आधारे ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि आपल्याकडील बैलगाडा शर्यती या दोन्हींस बंदी केली, बैलाची शरीररचनाच धावण्याच्या शर्यतीसाठी नाही असे सांगितले. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. परंतु प्रत्यक्ष शर्यतींना वाट मिळाली ती १६ डिसेंबर २०२१च्या अंतरिम आदेशाने. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, अटी पाळून शर्यती होतात.

बंदी योग्य की अयोग्य यावर ज्ञातीत दोन तट आहेत. बैलाचा छळ थांबला पाहिजे याविषयी तर आमच्या मते दुमत असूच नये. परंतु त्या दहा वर्षांचा एक परिणाम कोणी फारसा बोलून दाखवीत नाही. २०११ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता तो २०२१ साली विशीचा झाला. मधल्या वर्षांत ज्या जाणत्या गाडीवानांनी त्याला शिकवावयाचे त्यांनी बैल विकले होते वा ते थकले होते. बंदी उठली तेव्हा हौस शिल्लक होती आणि हाती मोबाइलवरील चित्रफिती होत्या. त्या चित्रफितीत धुरळा दिसतो, गुलाल दिसतो. पहाटेची वैरण दिसत नाही.

हा पेच केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत रोडिओ म्हणून खेळ आहे, त्यात उधळणाऱ्या बैलाच्या पाठीवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकावयाचे असते. तेथे लहान मुलांना प्रथम मेंढ्यांवर, मग वासरांवर बसवितात, म्हणजे चढती भाजणी तेथेही आहे. लेन फ्रॉस्ट नावाचा त्यांचा नामांकित स्वार ३० जुलै १९८९ रोजी शायेन गावच्या मेळ्यात बैलाच्या धडकेने मरण पावला. वय २५. त्याचे वडीलही रोडिओतील स्वार होते. घरात जाणता माणूस असूनही काळ चुकला नाही. मात्र त्या मृत्यूनंतर त्याच्या कोडी लँबर्ट या मित्राने छातीचे रक्षण करणारी जाड बंडी तयार केली आणि ती स्वारांमध्ये रूढ झाली. आपल्याकडे छकड्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या डोक्यावर अजून पुष्कळदा नुसती टोपी असते, तीही पहिल्या वळणाला उडते.

आमच्या नोकरीच्या काळात एका खेड्यातील शाळेत आठवीतला एक विद्यार्थी असाच छकड्यावरून पडला आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. बैल चुलत्याने शर्यतीपुरते आणलेले होते. भेटावयास गेलो तेव्हा आई रडत होती, बाप चुलत्यावर ओरडत होता. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, “बैलाला पोराचा वास ठावं न्हाई, अन् पोराला बैलाचा. मग कुणी कुणाचं ऐकायचं?” हाड जुळल्यावर पोराचा नाद जाईल असे सर्वांस वाटले होते. तो गेला नाही. तेव्हा आजोबांनी सांगोल्याच्या बाजारातून एक खोंड आणले आणि त्याचे दावे नातवाच्या हाती दिले.

लेखाच्या आरंभी जिचा उल्लेख केला त्या माउलीला आम्ही हीच हकीकत सांगितली. तिच्या यजमानांना ती पटली, तिला अर्धीच पटली, “खोंडाला खायला कोण घालणार, मीच ना?” असे ती म्हणाली, आणि त्यात तथ्य होते. शेवटी घरात असा करार झाला की वैरण व शेण मुलाने करावयाचे, शाळा एक दिवसही बुडवावयाची नाही, आणि खोंड दोन दाती होईपर्यंत शर्यतीचा विषय काढावयाचा नाही. गेल्या बेंदरास त्या मुलाने खोंडाची शिंगे रंगविली, गळ्यात घुंगरमाळ घातली आणि गावातून मिरवून आणले. खोंड अजून आदत आहे. दात पडावयास अवकाश आहे.